रक्त आमचे, मग आकडे कोण वाचणार?

गेल्या वर्षावासात सांगली जिल्ह्यातल्या एका विहारात व्यसनमुक्तीवर बोलायला आम्ही गेलो होतो. आम्ही म्हणजे सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत काम करणाऱ्या काही परिचारिका, काही आशाताई आणि वॉर्डातली नोकरी सोडून चळवळीत उतरलेल्या आमच्यासारख्या दोघी-तिघी. वंदना झाली, पंचशील झाले, आमचे बोलणेही झाले. चहाच्या वेळी एक मावशी जवळ आल्या. म्हणाल्या, "सिस्टर, माझ्या सासऱ्याला होती. मालकाला होती, त्यातच गेले. आता थोरला प्यायला लागलाय. हे रगतातच असतंय का ओ?"

त्यांच्या मागे एक मुलगी उभी होती. संख्याशास्त्रात एम.एस्सी. झालेली. ती म्हणाली, "ताई, व्यसनाच्या जनुकांवर संशोधन चालतं, तिथं डेटा सायंटिस्ट म्हणून अर्ज करायचाय. घरचे म्हणतात, आपल्याच लोकांचं रक्त तपासून आपल्यालाच बदनाम करायचं काम ते, कशाला जातेस? काय करू?"

मावशींना आम्ही तिथेच थोडेफार उत्तर दिले. मुलीला मात्र नीट सांगता आले नाही. नंतर आम्ही आपसात बरेच बोललो, वाचले, जाणकारांना विचारले. या पानावर दोघींनाही उत्तर देत आहोत, कारण दोघींचा प्रश्न एकच आहे.

रक्तात असते ते काय?

व्यसन घराण्यात चालते, हे आपल्या बायाबापड्यांना शास्त्रज्ञांच्या आधीपासून माहीत आहे. पण घराण्यात चालते म्हणजे रक्तातूनच येते असे नाही. दारिद्र्यही घराण्यात चालते. म्हणून शास्त्रज्ञांनी दत्तक गेलेल्या मुलांचा अभ्यास केला. १९७३ साली डेन्मार्कमधला असा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. जन्मदाता व्यसनी, पण मूल लहानपणीच दुसऱ्या घरात वाढलेले. अशा मुलग्यांमध्येही दारूच्या व्यसनाचे प्रमाण इतरांपेक्षा जास्त आढळले. पुढे जुळ्या भावंडांच्या अनेक अभ्यासांतून असा अंदाज निघाला की, माणसामाणसांतला दारूच्या व्यसनाचा जो फरक दिसतो, त्यातला सुमारे निम्मा जनुकांशी जोडलेला असतो.

हा "निम्मा" शब्द फार फसवा आहे. एका पोत्यातले ज्वारीचे बियाणे घ्या. अर्धे जतच्या मुरमाड रानात पेरा, अर्धे वाळव्याच्या काळ्या मळईत पेरा. जतच्या रानात एक ताट उंच, एक बुटके दिसेल. त्या एका रानातला फरक बियाण्याचा असू शकतो. पण जतचे अख्खे पीक बुटके आणि वाळव्याचे डोक्याएवढे झाले, तर तो फरक बियाण्याचा नव्हे, मातीचा आणि पाण्याचा. एका वस्तीत दारू जास्त आणि दुसरीत कमी असेल, तर आधी माती बघायची. दुकान किती जवळ आहे, काम किती अंगमेहनतीचे आहे, रोज अपमान किती गिळावा लागतो, हे बघायचे. बियाण्याला लगेच दोष द्यायचा नाही.

दुसरी गोष्ट, "दारूचे जनुक" असे एकच काही नसते. बहुतेक जनुकीय फरकांचा परिणाम अगदी थोडा असतो आणि असे शेकडो फरक मिळून कल बनतो. दारू पचवणाऱ्या काही जनुकांचा परिणाम मात्र ठळक आहे. दारू पोटात गेली की यकृतात तिचे आधी अ‍ॅसिटाल्डिहाइड नावाचे विषारी द्रव्य होते आणि मग त्याचा निचरा होतो. जपान, चीन, कोरियातल्या बऱ्याच लोकांत हा निचरा करणारे विकर जन्मतःच मंद असते. एक घोट घेतला तरी तोंड लाल होते, धडधडते, मळमळते. दारू सोसतच नसल्याने त्यांच्यात व्यसनाचे प्रमाण कमी आढळते. आपल्याकडे हा फरक क्वचित सापडतो. व्यसनमुक्तीसाठी डॉक्टर देतात ती डायसल्फिरामची गोळी नेमके हेच विकर अडवते. म्हणून सांगून ठेवतो, ही गोळी नवऱ्याच्या किंवा मुलाच्या जेवणात चोरून कधीही घालू नका. वर दारू प्यायली तर जिवावर बेतते. डॉक्टरांच्या सल्ल्याने आणि त्या माणसाच्या संमतीनेच ती द्यायची.

तेव्हा मावशी, तुमच्या थोरल्याला धोका इतरांपेक्षा थोडा जास्त आहे, हे खरे. पण ते कपाळावरचे लिखित नव्हे. बाप व्यसनात गेला आणि मुलगा आयुष्यभर थेंबाला शिवला नाही, अशी कितीतरी घरे आपण ओळखतो. धोका जास्त म्हणजे सावधपणा लवकर, एवढाच त्याचा अर्थ.

संगणकासमोर बसून काय करतात?

आता मुलीचा प्रश्न. बंगळूरच्या निम्हान्स या संस्थेत आणि तिच्या सोबतच्या संशोधन केंद्रांत अशा कुटुंबांचा अभ्यास चालतो, ज्यांच्यात एकापेक्षा जास्त माणसांना गंभीर मनोविकार आहे. त्या विकारांत व्यसनाचाही समावेश आहे. दुसरा एक भारत-ब्रिटन अभ्यास देशातल्या सात ठिकाणी झाला. ६ ते 23 वर्षांच्या सुमारे दहा हजार मुलामुलींमध्ये व्यसनाकडे जाण्याची शक्यता कशातून वाढते, हे त्यात पाहिले जाते. त्या सातांत आपल्या महाराष्ट्रातले एकही ठिकाण नाही.

अशा कामात रक्त काढणारे हात आमच्यासारख्यांचे असतात. पुढे रक्तातून डीएनए वेगळा काढतात आणि यंत्र त्यातल्या लाखो जागा वाचते. एका माणसाची माहिती म्हणजे लाखो अक्षरांची एक ओळ. अशा हजारो ओळी संगणकात जातात आणि तिथे डेटा सायंटिस्टचे काम सुरू होते. नमुने अदलाबदल झाले नाहीत ना, दोन नमुने एकाच घरातले नाहीत ना, यंत्राने चुकीचे वाचले नाही ना, हे आधी तपासायचे. बराचसा वेळ या साफसफाईतच जातो, आपल्या ड्रेसिंगच्या ट्रॉलीसारखा. मग व्यसन असलेले आणि नसलेले यांची एकेका जागेवर तुलना करायची. लाखो तुलना केल्या की योगायोगाने काही फरक दिसणारच. म्हणून कसोटी फार कडक ठेवतात. निव्वळ योगायोगाने असा फरक दिसण्याची शक्यता दहा कोटींत पाचांहून कमी असेल, तरच तो मोजायचा.

या कामासाठी माणसे लाखोंनी लागतात. तंबाखू आणि दारू यांच्या जनुकांवरचा २०२२ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास सुमारे ३४ लाख लोकांचा होता. त्यातले पाचांतले चार जण युरोपीय वंशाचे होते. म्हणजे त्यातून जी उत्तरे निघाली ती मुख्यतः त्यांची. आपल्या मिश्री लावणाऱ्या बायांना ती किती लागू पडतात, हे आपल्याकडच्या अभ्यासाशिवाय कळणार नाही. आपल्या देशात जीनोम इंडिया प्रकल्पाने ८३ लोकसमूहांतल्या सुमारे दहा हजार माणसांचे जनुकसंच वाचले आणि जानेवारी २०२५ मध्ये ती माहिती संशोधकांसाठी खुली केली. फरिदाबादच्या केंद्रात ती ठेवलेली आहे. माहितीचे दार उघडले आहे. प्रश्न आहे तो आत कोण जाणार याचा.

घरच्यांची भीती खोटी नाही

त्या मुलीच्या घरच्यांना आम्ही अडाणी म्हणणार नाही. एक उदाहरण घेऊ. समजा, ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर आलेल्या एक हजार माणसांचे रक्त घेतले आणि त्या दिवशी तिकडे न फिरकलेल्या मुंबईतल्या दुसऱ्या एक हजार माणसांचे घेतले. संगणकाला विचारले, या दोघांत फरक कुठे? संगणक शेकडो जागा दाखवील. मग काय, चैत्यभूमीला जाण्याचे जनुक सापडले म्हणायचे? मुळीच नाही. शतकानुशतके जातीतच लग्ने झाली, म्हणून प्रत्येक जातसमूहात काही किरकोळ जनुकीय खुणा साठत गेल्या. संगणकाने जात ओळखली, श्रद्धा नव्हे.

जातीतल्या जातीत लग्न हाच जातिसंस्थेचा गाभा आहे, हे बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या आपल्या निबंधात मांडले. शंभर वर्षांनी, २०१६ साली, पश्चिम बंगालमधल्या कल्याणी येथील जनुकशास्त्र संस्थेच्या संशोधकांनी डीएनए वाचून सांगितले की, देशात पूर्वी समूहांची सरमिसळ होत होती आणि सुमारे सत्तर पिढ्यांपूर्वी ती अनेक समूहांत थांबली.

आता हीच चूक व्यसनाच्या अभ्यासात कशी शिरते ते बघा. सरकारी दवाखान्यातल्या व्यसनमुक्ती वॉर्डात कोण असते? हमाल, ऊसतोड कामगार, सफाई कामगार, बिगारी. तुलनेसाठी "निर्व्यसनी" म्हणून कोणाचे रक्त घेणे सोपे? कॉलेजच्या विद्यार्थ्यांचे, कर्मचाऱ्यांचे. दोन गटांत आधीच जातीचा फरक. संगणक जातीच्या खुणा शोधणार आणि वर पाटी लागणार "व्यसनाची जनुके". यावर उपाय आहेत. वंशावळीच्या खुणा आधी मोजून त्यांचा परिणाम गणितातून वजा करता येतो, एकाच समूहातली माणसे एकमेकांशी ताडून पाहता येतात. पण तसे करायचे असते, हे तिथे बसलेल्या माणसाला सुचावे लागते.

ही काल्पनिक भीती नाही. अमेरिकेत अफूवर्गीय औषधांच्या व्यसनाचा धोका सांगणाऱ्या एका चाचणीला डिसेंबर २०२३ मध्ये तिथल्या औषध प्रशासनाने परवानगी दिली. गालातून बोळा फिरवायचा, पंधरा जागा वाचायच्या आणि धोका सांगायचा. त्याआधी २०२२ साली प्रशासनाच्याच सल्लागार समितीने ११ विरुद्ध २ मतांनी तिच्या विरोधात कौल दिला होता. आणि २०२१ सालीच काही संशोधकांनी अशा कामासाठी सुचवलेल्या १६ जागा तपासून दाखवले होते की, त्यांच्यावरून व्यसन नव्हे, माणूस आफ्रिकी वंशाचा आहे की युरोपीय वंशाचा, हे ओळखले जाते. तिथे वंश, इथे जात.

आपल्यावर हे आधी होऊन गेले आहे. १८७१ च्या कायद्याने अख्ख्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या आणि तो शिक्का कायद्याने निघायला १९५२ साल उजाडले. रिस्ले नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने नाके मोजून जातींची उतरंड लावली. पण बाबासाहेबांनी काय केले? मोजमापांना शिव्या दिल्या नाहीत. १९४८ साली अस्पृश्यांवर लिहिलेल्या ग्रंथात त्यांनी नाकांच्या मापांचे तक्तेच हातात घेतले आणि त्यातून दाखवले की ब्राह्मण आणि अस्पृश्य वेगळ्या वंशाचे ठरत नाहीत. मापे तीच होती. वाचणारा बदलला आणि निष्कर्ष उलटला.

शरीराची माहिती वाईट हातांत पडली की काय होते, हे सातारा-सांगलीला कोणी सांगायला नको. सोनोग्राफीचे यंत्र वाईट नाही. पण २०१७ साली म्हैसाळमध्ये पुरलेले १९ स्त्रीभ्रूण निघाले, ते आपल्याच जिल्ह्यात. आणि गर्भलिंगनिदानाविरुद्ध साताऱ्यातून अ‍ॅड. वर्षा देशपांडे यांनी दलित महिला विकास मंडळाच्या माध्यमातून जो लढा दिला, त्याची दखल संयुक्त राष्ट्रांनी २०२५ च्या लोकसंख्या पुरस्काराने घेतली, तीही आपल्याच मातीतली गोष्ट. यंत्रावर बहिष्कार घालून हे झाले नाही. यंत्राशी काय चालले आहे ते कळणारी माणसे उभी राहिली, म्हणून झाले.

चूक केसपेपरपासून सुरू होते

इथे आमची कबुलीही द्यायला हवी. आमच्यापैकी अनेकींनी वॉर्डात वर्षानुवर्षे केसपेपर भरले. अंगावर मळका शर्ट, पत्ता अमुक वस्तीचा, की विचारण्याआधीच "दारूची सवय आहे" असे लिहून मोकळे होत होतो. आणि चांगल्या घरचा, चांगल्या कपड्यातला पेशंट यकृत सुजून आला, तर त्याच्या कागदावर पोटाचा विकार एवढेच. कोणी सांगितले नव्हते असे लिहायला. हात आपोआप तसा चालायचा. उद्या हेच कागद संगणकात गेले, तर संगणक आमचा पूर्वग्रह शिकणार आणि तो शास्त्र म्हणून परत देणार.

म्हणून आमच्या परिचारिका भगिनींना विनंती आहे. प्रत्येकाला, खरोखर प्रत्येकाला, तेच प्रश्न विचारा. जागतिक आरोग्य संघटनेची दहा प्रश्नांची प्रश्नावली आहे, ती वापरा. किती, कधीपासून, आठवड्यातून किती वेळा, सोडल्यावर थरथर होते का, हे लिहा. "बेवडा" हा शब्द तोंडातून आणि कागदावरून काढून टाका. व्यसन हा आजार आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानेही दारू आणि अमली पदार्थांमुळे होणाऱ्या मनोविकारांचा समावेश मानसिक आजारांत केला आहे आणि त्या पेशंटला गोपनीयतेचा हक्क दिला आहे.

आमचे म्हणणे

तर पोरी, तू जा. अवश्य जा. तू गेली नाहीस म्हणून ते काम थांबणार नाही, फक्त तुझ्यावाचून होईल. ज्या खोलीत आपल्या लोकांच्या रक्ताचे आकडे वाचले जातात, तिथे "हे दोन गट एका वस्तीतले आहेत का?" असे विचारणारे एक तरी तोंड हवे. तो प्रश्न तुला पुस्तकातून शिकावा लागणार नाही. पण नुसता राग घेऊन जाऊ नकोस, गणित पक्के करून जा. चूक आकड्यांनी दाखवलीस तरच ती सुधारते.

वाटा आहेत. पुणे विद्यापीठात जैवमाहितीशास्त्र शिकवले जाते. पीएच.डी.साठी बार्टीची अधिछात्रवृत्ती आहे, परदेशात शिकायला राज्याची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे. आपल्या मंडळांनी स्पर्धा परीक्षांच्या वर्गांसोबत संख्याशास्त्राचा आणि संगणकाचा एक वर्ग सुरू करावा, अशी आमची सूचना आहे.

आणि रक्त देणाऱ्यांनो, तुम्हीही विचारा. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे आपल्या भाषेत समजावून घेतलेली संमती हा तुमचा हक्क आहे. हे रक्त कशासाठी? आणखी कशासाठी वापरणार? किती वर्षे ठेवणार? नाव आणि जात कोणाला दिसणार? मी नंतर नको म्हणालो तर? निष्कर्ष आमच्या वस्तीत येऊन सांगणार का? अमेरिकेतल्या हवासुपाई या आदिवासींनी मधुमेहाच्या अभ्यासासाठी रक्त दिले होते. ते स्किझोफ्रेनियाच्या आणि त्यांच्या मूळ वंशाच्या अभ्यासालाही वापरले गेले. त्यांनी कोर्टात दाद मागितली. २०१० साली विद्यापीठाने सात लाख डॉलर भरपाई दिली आणि उरलेले रक्त परत केले. प्रश्न विचारणे म्हणजे विज्ञानाला विरोध नव्हे.

एक गोष्ट मात्र विसरायची नाही. जनुके शोधली म्हणून दुकान बंद होत नाही. २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांतल्या एकालाच काही ना काही उपचार मिळतात. उरलेल्या ३७ जणांसाठी आज जनुकाची नव्हे, खाटेची, समुपदेशकाची आणि औषधाची गरज आहे. पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण, साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी उभे केलेले परिवर्तन, हे काम जनुकांची वाट पाहत थांबले नाही. २०२४ साली आपल्या कवठेमहांकाळ तालुक्यातल्या इरळीत एमडी बनवणारा कारखाना पकडला गेला. तो कोणाच्या रक्तात नव्हता, शिवारात होता. महिलांच्या मतदानाने बाटली आडवी करण्याचा अधिकार आपल्याकडे आहे, तोही वापरायचा आहे.

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत एका मुलाचे नाव दाखल झाले. त्याला पाण्याला हात लावू दिला जात नव्हता, कारण त्याच्या जन्मातच विटाळ आहे असे शाळेने मानले होते. सोळा वर्षांनी तोच विद्यार्थी कोलंबियात उभा राहून जात कशी बनते ते जगाला समजावत होता. जन्मावर लागलेला शिक्का शिकूनच पुसता येतो, हे त्यांनी करून दाखवले. पंचशीलातले पाचवे शील आपण दर पौर्णिमेला घेतो. ते पाळायला शिकलेली डोकीही लागतात.

मावशींच्या थोरल्याला आम्ही व्यसनमुक्ती केंद्रात पाठवले आहे. आणि त्या मुलीने अर्ज भरला आहे.

जयभीम!

(रोज भरपूर दारू पिणाऱ्याने घरीच एकदम बंद केल्यास दोन-तीन दिवसांत झटके येणे, भ्रम होणे असे घडू शकते. आधी डॉक्टरांना दाखवा. व्यसनमुक्तीसाठी शासनाची मोफत हेल्पलाइन १४४४६, मानसिक आरोग्यासाठी टेली-मानस १४४१६.)